साफ केलेल्या चार ओळी

२७ एप्रिल, रविवार

माफ कर. शेवटची नोंद २ फेब्रुवारीची आहे, अनन्याच्या शाळेच्या बुटांबद्दल! त्यानंतर चार पानांवर नुसत्या तारखा. तारीख घालायचे आणि वही मिटायचे.

आई ३ फेब्रुवारीला गेली. लिहिलं एकदाचं.

मी गेले नाही. हेही लिहून टाकते, नाहीतर पुढे काही लिहिण्यात अर्थ नाही. यतिन म्हणाला जा, घर आणि अनन्याला मी सांभाळतो. ट्रेव्हर मालक असून म्हणाला जा, वायनरी काही पळून जात नाही. मी म्हटलं, अंत्यविधीला तर पोचणारच नाही, आणि इथे तोडणीचा हंगाम ऐन भरात, रोज वीस-वीस टाक्यांचे नमुने, लॅबमध्ये मी एकटी. सगळं खरं होतं. तरी कारण ते नव्हतं. आई नसलेल्या त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटली. दहावं मी मोबाइलवर पाहिलं, लॅबच्या स्टुलावर बसून. मध्येच टायमर वाजला तर उठून बंदही केला.

आता आप्पा इथे आहेत. पंधरा दिवस झाले. गावाकडचं एक कुटुंब सिडनीला येत होतं, त्यांच्यासोबत आले. पिंपळगावची बाग पद्माकरदादाकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे सोपवली. मी म्हटलं, आता इथंच राहा. ते म्हणाले, "हं." सगळ्यालाच हं म्हणतात. भाकरी वाढू? हं. झोप लागली? हं. चाळीस वर्षं एक्स्पोर्टची द्राक्षं पिकवलेला माणूस, एक डागी मणी दिसला तरी पेटी परत उघडणारा, मागच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून दिवसभर कुंपणाकडे बघतो. कुंपणापलीकडे काही नाही. शेजाऱ्याचा ट्रेलर आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

धुकं! नऊपर्यंत कालव्याचं पाणी दिसत नव्हतं. ट्रेव्हर शीळ घालत फिरतोय.

१ मे, गुरुवार

ग्रिफिथमधल्या बाकी सगळ्या द्राक्षांचा हंगाम कधीच संपला. आमच्याकडे वेलीवर उरल्यात त्या सेमिलॉन जातीच्या अकरा आखूड ओळी, ट्रेव्हरच्या वडिलांनी लावलेल्या. त्या मुद्दाम ठेवतो. सकाळी धुकं आणि दुपारी ऊन, असं महिनाभर मिळालं तर मण्यांवर राखाडी बुरशी चढते. सालीला बारीक भोकं पडतात, पाणी उडून जातं, साखर उरते. मणी आकसतो, चॉकलेटी होतो, त्यावर केस उगवल्यासारखं दिसतं. बघवत नाही! आणि त्यातून निघते ती सोनेरी, मधासारखी वाइन.

पण हीच बुरशी पावसात भिजली की सगळं आंबतं. व्हिनेगर. दोन वर्षांपूर्वी तसंच झालं. गेल्या वर्षी धुकंच पडलं नाही. आमची बाकी वाइन टँकरने दुसऱ्यांकडे जाते, तिच्यावर त्यांची नावं लागतात. ट्रेव्हरच्या स्वतःच्या नावाची बाटली ही एकच. सत्तरीचा माणूस दोन वर्षं ती रिकामी फळी पुसतोय.

आज साखर ३१ ब्रिक्स. ट्रेव्हर म्हणाला, तोडू या का? मी म्हटलं, थांब, छत्तीसपर्यंत जाईल. थांबला. माझ्या शब्दावर थांबला. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही.

५ मे, सोमवार

ट्रेव्हर दोन दिवस वॅगाच्या हॉस्पिटलात, गुडघ्यासाठी. आप्पांना घरी एकटं ठेवण्यापेक्षा सोबत नेलं. परत येताना गाडीत स्वतःहून म्हणाले, "उद्या पण येतो." स्वतःहून! नखांत माती. जेवताना तिसरी भाकरी मागितली. मी यतिनकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.

मग म्हणतात, "तो तुमचा मालक फोनवर तुला देव म्हणतो?"

"देवयानी त्याला जमत नाही, आप्पा."

"आणि तू ओ देतेस?"

अनन्या एवढी हसली की ताक सांडलं.

६ मे, मंगळवार

 क्रमाने लिहिते.

कालच्यासारखंच. मला नमुने होते, आप्पांना बागेत फिरायला पाठवलं, डबा दिला. तीनला बाहेर आले तर समोरून आप्पा. टोपी मागे सरकवलेली, सदऱ्याच्या बाह्या वर, हातात शेडमधली कात्री. आणि तो चेहरा! आई गेल्यापासून तसा पाहिला नव्हता.

"काय गं, तुमची माणसं झोपा काढतात का? अर्धी बाग कुजलीय आणि कुणाचं लक्ष नाही!"

"काय केलंत, आप्पा?"

"चार ओळी साफ केल्या. दोन दिवस लागले. एक डागी मणी दाखव मला. उद्यापासून बाकीच्या सात."

मी धावत गेले. चारही ओळी चकाचक. प्रत्येक घडातला कुजका भाग नेमका कापलेला, राहिलेले पिवळसर मणी मोकळे, वारा खेळेल असे. जे घड पुरते गेले होते ते देठापासून काढलेले. पेटीत भरून विमानाने पाठवावा असा माल. या बागेत एवढं देखणं काम कुणी केलं नसेल.

"काढलेलं कुठंय?"

"पुरलं. कडेला खड्डा घेतला. चुना नव्हता तुमच्याकडं, नुसती माती लोटली. रोग उघड्यावर टाकायचा नसतो, विसरलीस?"

विसरले नाही. लहानपणी मीच बादली घेऊन मागे चालायचे.

मी म्हटलं, "छान केलंत, आप्पा."

का म्हटलं? कारण त्यांच्या कानामागे घाम होता आणि ते धापा टाकत हसत होते. आणि कारण खरं सांगायला धैर्य लागतं. दोन्ही कारणं लिहिते. पहिलंच लिहिलं असतं तर मीच चांगली ठरले असते.

दुपारी उशिरा ट्रेव्हरचा फोन. ऑल गुड, देव? ऑल गुड, म्हटलं. म्हणजे एका दिवसात दोनदा खोटं.

७ मे, बुधवार

सकाळी ट्रेव्हरला सांगितलं. दारातच, त्याने टोपी काढायच्या आधी.

तो काठी टेकत ओळींत गेला. मी मागे. एक घड तळहातावर घेतला, फिरवला, परत सोडला. हे कुणी केलं? मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती: गैरसमज झाला, निरोप नीट पोचला नाही. तोंडातून आलं, "माय फादर."

 मग म्हणाला, "ब्यूटिफुल वर्क, देव." मग म्हणाला, जरा गाडी चालवून येतो. आणि गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तरी लिहिते: सांगून झाल्यावर पाय हलके झाले. निम्मं ओझं. आप्पांना सांगायचं राहिलं ते उरलेलं निम्मं.

८ मे, गुरुवार

ट्रेव्हर कामापुरतं बोलतो. प्लीज म्हणतो! तो कधीच प्लीज म्हणत नाही.

९ मे, शुक्रवार

दोन दिवस आप्पांना चुकवून निघाले होते. आज सकाळी सातला ते दारात, टोपी घालून तयार. "सात ओळी राहिल्यात."

"आज नको, आप्पा. फवारणी आहे."

"कसली?"

"सल्फर."

द्राक्षाच्या माणसाशी द्राक्षांबद्दल खोटं बोलायचं म्हणजे! त्यांचा चेहराच उतरला. "तोडणीच्या तोंडावर सल्फर? अगं, मालात उतरेल ते! तपासणीत सापडलं तर सगळा माल परत! त्या ट्रेव्हरला कुणी सांगत नाही का?" दिवसभर घरी त्याच काळजीत होते, अनन्या सांगत होती. म्हणजे मी एका खोट्याने दुसरं झाकलं आणि त्यांना तिसरी काळजी लावली.

अनन्या म्हणाली, "मम, जस्ट टेल हिम. इट्स मोल्ड, नॉट मर्डर."

पंधरा वर्षांची आहे. सोपं वाटतं तिला. की सोपंच आहे?

११ मे, रविवार

आज इकडचा मदर्स डे. अनन्याने पॅनकेक केले. आप्पांनी विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, आईचा दिवस.  पॅनकेकवर सिरप ओतायचा आवाज तेवढा.

दहाला ट्रेव्हरची यूट गाडी दारात. काठी टेकत आत आला. "वेअर्स डीनो?" दीनानाथचं त्याने डीनो करून टाकलंय, ग्रिफिथमध्ये दर तिसरा इटालियन म्हातारा डीनो आहे. आप्पांना खुणेने म्हणाला, चला. मी पर्स उचलली तर मला म्हणाला, तू बस, आज तुझा दिवस. दोघांना मिळून समान असे दहा शब्द नाहीत! दीड तास मी ओटा पुसत राहिले. तोच ओटा.

आप्पा आले, टेबलापाशी बसले, खिशातून रुमाल काढून उलगडला. आत घडाचा एक तुकडा. केसाळ, चॉकलेटी.

"खा."

मी खाल्ला. चव ओळखीची. 

"त्यानं आधी मला माझ्या ओळी दाखवल्या," आप्पा सांगू लागले. "पाठ थोपटली. मग पलीकडं नेलं, कुजका मणी तोडला आणि सरळ तोंडात टाकला. मी म्हटलं, म्हातारा गेला कामातून. मग मला दिला. आता पाहुणा माणूस, नाही कसं म्हणायचं?"

"मग?"

"काकवी! पहिली काकवी, आणि मागून संत्र्याची साल. मग त्यानं ते साखर बघायचं यंत्र माझ्या डोळ्याला लावलं. बत्तीस, देवू! आपण अठराला कंटेनर भरतो. मी म्हटलं यंत्र बिघडलंय. त्यानं पाण्यानं पुसून पुन्हा दाखवलं. बत्तीस."

रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे मी पुरलं ते सोनं होतं."

मग मी रडलेच. म्हटलं, छान केलंत म्हणाले ते खोटं होतं, सल्फर पण खोटं होतं.

"सल्फर खोटं ते संध्याकाळीच कळलं. फवारणी झालेल्या बागेतून आलेल्या माणसाच्या कपड्यांना वास येतो. तुझ्या येत नव्हता." असं म्हणून पाणी प्याले. "पण एक सांग. तू मला बघा कशाला म्हणालीस?"

"मी?"

"सोमवारी, शेडपाशी. म्हणालीस, आप्पा, पलीकडं घड कुजलेत, तेवढे बघा जरा, मी आत आहे. मग मी बघितले."

१२ मे, सोमवार

बघा.

मी म्हणत होते: जाऊन ती गंमत बघा, तुम्ही जन्मात पाहिली नसेल. त्यांनी ऐकलं ते आपल्याकडे जे ऐकतात तेच. दुधाकडे बघा. पाहुण्यांचं बघा. आजारी माणसाचं बघा. नुसतं डोळ्यांनी बघायला आपण कधी कुणाला सांगतो? त्यातून वर मी "जरा" लावलं! आणि "तेवढे"! आप्पांच्या जागी मी असते तर मीही कात्री घेतली असती.

मागचं पान उलटून पाहिलं. ६ तारखेला मी लिहिलंय, "बागेत फिरायला पाठवलं." खोटं लिहिलं नव्हतं. मला तसंच आठवत होतं! वहीतसुद्धा मी माझ्याच बाजूने आठवते, तर मग इतर पानांचं काय?

आणि हे लिहिलं तर तेही लिहिते. आई दर फोनला विचारायची, दिवाळीला येशील? मी म्हणायचे, बघू. चार दिवाळ्या. आपल्यात बघा म्हणजे करा, आणि बघू म्हणजे नाही. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तरी पुढच्या फोनला विचारायची.

आप्पांनी ट्रेव्हरला यातलं काही कळू दिलं नव्हतं. म्हणाले, "हातवारे करून सांगता आलं असतं. पण तुझी नोकरी आहे तिथं." तर मीच गेले आज सांगायला, नोकरीसकट. पूर्ण व्याकरण समजावलं. तो ऐकत होता, भुवया वर चढत होत्या. शेवटी म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे बघ म्हटलं की माणूस कात्री घेऊन येतो? मग माझा गुडघा तेवढा कधी बघू नकोस, देव!"

आणि हसला. आठवड्यानंतर. मी लॅबमध्ये जाऊन दार लावून हसले. थोडं रडलेही, पण हसणं जास्त.

जाता जाता म्हणाला, शनिवारी तोडतोय. मी म्हटलं, बत्तीसला? अजून दहा दिवस दे, छत्तीस होईल. म्हणाला, सातच ओळी उरल्यात माझ्याकडे. अकरा होत्या तेव्हा थांबलो. सातवर जुगार खेळत नाही.

१४ मे, बुधवार

हवामानखातं कोरडं दाखवतंय. पुढचा आठवडाही कोरडा. माझं गणित बरोबर आहे, ट्रेव्हर घाबरलाय. आणि त्याला कुणी घाबरवलं? आम्हीच. त्यामुळे गप्प.

१७ मे, शनिवार

तोडणी! ठेकेदार गुरमेल सिंगची आठ माणसं, मी, अनन्या (तिला तासाचे पैसे हवे होते), यतिन शिफ्ट बदलून, आणि आप्पा.

पहिला तास आप्पांचा हात ऐकेना. कात्री आपोआप चांगल्या घडाकडे जायची. गुरमेल समोरच्या बाजूने ओरडायचा, "बाबाजी, उल्टा! उल्टा! सड़ा हुआ चाहिए, अच्छा वाला छोड़ दो!" आप्पा कपाळावर हात मारायचे. "चाळीस वर्षं देवानं जे शिकवलं ते तुमच्या देवनं पुसायला लावलं!" हे माझ्यावर. यतिनला कळायला थोडा वेळ लागला, मग तो बादली ठेवून हसला.

पण अकरा वाजेपर्यंत लय सापडली. एकेक मणी नाकापाशी न्यायचे. काही घडांना आंबूस वास येतो, ते नको असतात. बुरशी दोन्हीवर, डोळ्यांना सारखीच. आप्पा दुपारपर्यंत सगळ्यांचे मास्तर. आपल्या हिंदीत गुरमेलच्या माणसांना शिकवत होते, "ये खानदानी बुरशी है, ये लेने का. और ये देखो, ये भिकारी, फेकने का." ती माणसं एकमेकांना ओरडून विचारायला लागली: खानदानी या भिकारी? ट्रेव्हरने विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं. म्हणाला, वीस वर्षं मी लोकांना हे समजावतोय, मला हे शब्द कुणी दिले नाहीत.

डबे खायला सगळे एकाच सावलीत. आप्पांची पाठ दुखतेय. स्वतःच सांगितलं, पाठ दुखतेय, जरा बाम दे. एवढे दिवस दुखतं-खुपतं काही सांगितलंच नव्हतं.

१९ मे, सोमवार

प्रेस लावला. एवढ्या आकसलेल्या द्राक्षांतून रस सुटायलाच दोन तास. मग थेंब, मग तार. आप्पा वाकून बघत होते. "एकतारी पाक."

३३.४ ब्रिक्स. जेमतेम तीन पिंपं. लॅबच्या वहीत "वेळेआधी तोडणी" असा शेरा लिहिला. मग खोडला. मग पुन्हा लिहिला, कारण मला तसंच वाटतं.

२२ मे, गुरुवार

पाऊस. परवापासून. अंदाजात कुठेच नव्हता. ४१ मिलिमीटर, अजून चालूच.

२४ मे, शनिवार

थांबला. कालव्याच्या पलीकडे दोघा जणांनी आमच्यासारखीच सेमिलॉन वेलीवर ठेवली होती, माझ्यासारखंच गणित करून. आज त्यांच्याकडे रस्त्यापर्यंत व्हिनेगरचा वास आहे. माश्यांचे ढग. ट्रॅक्टरमागे घड जमिनीवर पाडत चाललेत. मी गाडी थांबवली नाही. त्यांच्याकडे बघायची लाज वाटली.

माझं ऐकलं असतं तर आमच्या अकराच्या अकरा ओळी तिथे असत्या. सलग तिसरं वर्ष.

केवढं हायसं वाटतंय ते लिहिता येत नाही. काल पाऊस पत्र्यावर पडत होता आणि मी पिंपांच्या खोलीत जाऊन तिन्ही पिंपांना हात लावून आले. पण हायसं वाटायचा मला हक्क आहे का? मी चुकीचा शब्द बोलले म्हणून आप्पा चुकले, ते चुकले म्हणून ट्रेव्हर घाबरला, घाबरला म्हणून त्याने माझा चुकीचा सल्ला मोडला. सगळ्या चुका एकाखाली एक ठेवल्या आणि उत्तर बरोबर आलं. शाळेत असं उत्तर आलं तर मास्तर शून्य द्यायचे. मी सुटले, एवढंच खरं. बरोबर होते म्हणून सुटले नाही.

ट्रेव्हर म्हणाला, डीनोला सांग, त्याच्या चार ओळींनी माझ्या सात वाचवल्या. मी आप्पांना सांगितलं. 

"त्याला म्हणावं, पाऊस मी पाडला नाही. फुकटचं श्रेय मला नको." मग थोड्या वेळाने, "पण हेही सांग, पुढच्या खेपेला लेकीच्या यंत्राबरोबर आभाळाकडं पण बघत जा म्हणावं. पावसाच्या आधी गुडघा दुखत होता ना त्याचा? माझाही दुखत होता. आम्हाला विचारायचं!"

शब्दशः सांगितलं. ट्रेव्हर म्हणाला, लॅबला दोन गुडघे जोडून घेऊ.

८ जून, रविवार

मधली पानं कोरी राहिली, पण या वेळी कारण साधं: वेळ नव्हता. पिंपं फसफसतायत, हळूहळू, या गोडीत यीस्टलाही जड जातं. आज सगळ्यांना नेलं. खोलीभर वास: जर्दाळू, मध, संत्र्याची साल. ३३ ला तोडली म्हणून थोडी आंबट धार राहिलीय आणि ती बरी वाटते. छत्तीसला नुसता पाक झाला असता. "वेळेआधी तोडणी" हा शेरा शेवटी काट मारून काढला. आता तसं वाटत नाही.

आप्पा दारूला शिवत नाहीत. बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. डोळे मिटले.

"तुझ्या आईनं बघितलं असतं तर मोरावळा म्हणून बरणीत भरलं असतं. आणि सगळ्या गल्लीला वाटलं असतं."

"गल्ली झिंगली असती, आप्पा."

"तिला वाटलं असतं, मोरावळा लागू पडला."

आम्ही दोघं हसत सुटलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पिंपाला धरून. आई गेल्यापासून आम्ही दोघांनी तिचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. आज तिच्यावर हसलो. आणि काही मोडलं नाही. उलट आतली एक गाठ सुटल्यासारखी झाली.

घरी येऊन आप्पांनी पद्माकरदादाला व्हिडिओ कॉल लावला. हल्ली रोजच लावतात. बागेचा एकेक कोपरा दाखवायला लावतात आणि शिव्या घालतात. "अरे, ती काडी काय शोभेला ठेवलीस का?" फोन ठेवला आणि मला म्हणाले, "ऑक्टोबरात छाटणी. त्याआधी पोचायला पाहिजे. याच्या भरवशावर बाग राहत नाही."

"पण आप्पा, इथंच राहायचं ठरलं होतं ना?"

"तू ठरवलं होतंस. मी हं म्हणालो होतो."

 एप्रिलमधला हं म्हणणारा माणूस जातो म्हणाला असता तर मी पाय धरून थांबवलं असतं. हा माणूस निघाला तर कशाला अडवू? जड जाणार. पण ज्या भीतीने त्यांना इथे बोलावलं ती आता उरली नाही.

मी पोळ्या लाटत होते, तर पाठीमागून म्हणाले, "छाटणीला पूर्वी तू पुढं असायचीस. तुझ्या आईच्या आधी उठायचीस." एवढंच म्हणाले. विचारलं काहीच नाही.

९ जून, सोमवार

आज सुट्टी. यतिनला विचारलं नाही, सांगितलं. ट्रेव्हरलाही फोन केला. तो म्हणाला, "अबाउट टाइम, देव."

उद्या: सप्टेंबरअखेरची मुंबईची तिकिटं काढणे. दोन.